उकळीच्या अलीकडे

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी एका पेजेवरून चांगलेच रामायण घडले. नातवाचे उष्टावण सहाव्या महिन्यात थाटात झाले, चांदीच्या वाटीतून खीर चाटवली गेली, फोटो निघाले. आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या पठ्ठ्याचे वजन जेमतेम दोनशे ग्रॅमने वाढले. आठव्या महिन्यात काटा साडेसहा किलोवर अडून बसला. बाळ हसतमुख, ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी त्याला उलटेसुलटे तपासले आणि सूनबाईला विचारले, "दिवसभरात वरचे काय देता?"

"नाचणीच्या सत्त्वाची पेज. तीन वेळा. वाटीभर घेतो आणि मग तोंड फिरवतो."

"पोट भरते आहे," डॉक्टर म्हणाले, "पण कशाने भरते आहे ते पाहा."

घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. पहिलटकरणीला असे वाक्य किती लागते ते सांगायला नको. घरी आल्यावर मी तिची पेज प्रथमच लक्ष देऊन पाहिली. पातेल्यात पाणी खळखळा उकळत होते. तिने वाटीत थोड्या पाण्यात पीठ कालवून ते त्या उकळीत ओतले, भराभर ढवळले, आणि पाहता पाहता त्याची खळ झाली, पोस्टर चिकटवायला वापरतात तशी. बाळाच्या घशाखाली ती उतरेना, म्हणून ती पीठ कमी आणि पाणी जास्त असे करीत गेली होती. शेवटी वाटीभर पाण्याला दोन चहाचे चमचे पीठ, यावर गाडी येऊन थांबली होती. पेज छान पातळ होत होती. फक्त तिच्यात पेज उरली नव्हती.

मी पस्तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. तरीही या पातेल्यात काय चुकते आहे ते माझ्या ध्यानात आले नाही. ते आले माझ्या मालवणच्या मावशीच्या. वय चौऱ्याऐंशी. श्रावणात ती चार दिवस राहायला आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने तो सोहळा पाहिला आणि म्हणाली, "अगो, उकळत्या पाण्यात पीठ घातलंस तर पेज मरता गो!"

पेज मरते म्हणजे काय? मला हसू आले. जुन्या बायकांचे बोलणे, म्हणून मी ते सोडूनही दिले असते. पण मावशी हटवादी. तिने त्याच बरणीतले पीठ गार पाण्यात कालवले, पातेले मंद आचेवर ठेवले आणि पळी फिरवीत बसली. आणि गंमत अशी की, तिचीही पेज खळीसारखीच झाली! मावशीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिने बरणी नाकाशी नेली, पीठ बोटावर घेऊन उजेडात पाहिले. चांगले खमंग, बदामी रंगाचे पीठ होते ते. बाजारातून मुद्दाम महागाचे आणलेले. "ह्यां पीठ मेलेलां आसा," तिने निकाल दिला.

मग तिने स्वतः नाचणी भिजत घातली. एक रात्र भिजवून, उपसून, फडक्यात बांधून ठेवली. दोन दिवसांत पांढरे केसासारखे मोड आले. पावसाळी हवा, ऊन नाही, म्हणून पंख्याखाली पसरून वाळवली, तव्यावर अगदी मंद आचेवर नुसती ओल जाईपर्यंत शेकली, मोड चोळून पाखडून टाकले आणि दळून चाळून घेतली. आता मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली होती. मी कपाटातून प्रयोगशाळेचा जुना तापमापक काढला.

दोन पातेली, दोन्हींत सारखेच पाणी आणि सारखेच पीठ, तेही सूनबाईच्या नेहमीच्या मापाच्या चौपट. एकात पीठ उकळत्या पाण्यात घातले. दुसऱ्यात गार पाण्यात घालून मंद आच. पहिल्याची क्षणात खळ झाली. चमचा उभा राहिला. दुसऱ्यात बराच वेळ काहीच झाले नाही. पारा साठाच्या पुढे सरकला तशी पळी जड होऊ लागली, आणि मला वाटले, झाले, हीही गेली. पण सत्तरच्या आसपास काहीतरी विलक्षण घडले. पळीला लागणारा जोर सैल पडत गेला. गॅस अगदी बारीक करून आम्ही दहा मिनिटे तसेच ढवळत राहिलो, आणि पातेल्यातला गोळा कढीसारखा ओघळू लागला. पीठ तेच, पाणी तेच. नंतर तिला चांगली उकळी आणली तरी ती पुन्हा घट्ट झाली नाही. सूनबाईने बोट लावून चाखली. "आई, साखर घातलीत?" साखर कोणीच घातली नव्हती.

आता यात काय घडले ते सांगते.

धान्याच्या दाण्यातले पिष्ट ही उद्याच्या कोंभासाठी बांधून ठेवलेली शिदोरी असते. पण ती कुलपात असते. साखरेच्या हजारो कणांच्या लांबच लांब साखळ्या करून घट्ट रचलेली. कोंभाला साखळ्या खाता येत नाहीत, त्याला सुटे तुकडे हवेत. म्हणून दाण्याला पाणी लागले की तो जागा होतो आणि साखळ्या तोडणारी हत्यारे घडवू लागतो. या हत्यारांना एन्झाइम म्हणतात. मुलांच्या पाठ्यपुस्तकात विकर हा शब्द आहे. पिष्ट तोडणाऱ्या विकराचे नाव अमायलेज. आपल्या लाळेतही एक अमायलेज असते, म्हणूनच पोळीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो. अमायलेज स्वतः खर्ची पडत नाही. एक साखळी तोडली की दुसरीकडे वळते. त्यामुळे चमचाभर मोडाचे पीठ पातेलेभर खळीला पुरून उरते. पेज घट्ट होते ती लांब साखळ्या एकमेकींत अडकल्यामुळे. त्यांचे तुकडे झाले की गुंता सुटतो आणि काही तुकडे इतके लहान होतात की ते साखरच असतात. सूनबाईच्या जिभेला लागली ती ही साखर.

मानवाने वेगळे काढलेले पहिले विकर हेच होते. १८३३ साली पॅरिसमध्ये पायां आणि पेर्सो या दोन रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूच्या अर्कात मद्यार्क घालून एक पांढरा साका मिळवला. तो पिष्टाची साखर करी, आणि उष्णतेने त्याची ही शक्ती नष्ट होई. त्यांनी त्याला डायास्टेज म्हटले. पुढे हे नाव पाचक औषधांच्या बाटल्यांवर झळकले आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात येऊन पोहोचले. पण हे डायास्टेज म्हणजे नेमके काय, यावर पुढे जवळजवळ शंभर वर्षे वाद चालला. १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी एका जातीच्या शेंगांच्या दाण्यांतून यूरिएज नावाचे विकर स्फटिकरूपात मिळवले आणि ते प्रथिन आहे असे दाखवून दिले. या गृहस्थांनी लहानपणी शिकारीच्या अपघातात डावा हात गमावला होता, आणि ते मुळात डावखुरे! मोठमोठ्या पंडितांनी त्यांना वेड्यात काढले. १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विकर हे प्रथिन आहे, एवढे कळले की मावशीचे अर्धे कोडे सुटते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब पट्टी. ती सुटी पडलेली नसते. फेट्यासारखी विशिष्ट तऱ्हेने गुंडाळून बसवलेली असते. त्या बांधणीतच एक खोबण तयार होते आणि पिष्टाची साखळी तिच्यात अडकून तुटते. फेटा सोडला तर कापड तेच, लांबीरुंदी तीच, पण डोक्यावर घालायला काही उरत नाही. आणि हा फेटा टाचण्यांनी नव्हे, नाजूक गाठींनी धरलेला असतो. एकेक गाठ कमकुवत, सगळ्या मिळून भक्कम.

अशा वस्तूला उष्णता दिली की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. रेणूंची धावपळ वाढते, साखळ्या खोबणीत जास्त वेगाने येऊन पडतात, काम झपाट्याने होते. ढोबळ हिशेब असा की, दर दहा अंशांना वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे तीस अंशांवर जे काम सोळा मिनिटांचे, ते सत्तर अंशांवर एका मिनिटाचे. पण त्याच धावपळीने गाठीही हिसकल्या जातात. एका मर्यादेपर्यंत त्या टिकतात. मग दोनचार सुटतात, त्यांच्यामागून बाकीच्या सुटतात आणि फेटा भसकन उलगडतो. उलगडलेल्या पट्ट्या एकमेकींत गुंततात आणि बहुधा पुन्हा पूर्ववत होत नाहीत. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक गार केला म्हणून पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे.

पाठ्यपुस्तकात याचे टेकडीसारखे चित्र असते: चढण, माथा, उतार, आणि माथ्याखाली लिहिलेले असते, सर्वोत्तम उष्णतामान. मीही इतकी वर्षे फळ्यावर ती टेकडी काढली. आता वाटते, ते चित्र थोडे फसवे आहे. माथा एका जागी नसतोच. मोडाचे अमायलेज पासष्ट अंशांना बराच वेळ टिकेल, सत्तरीच्या मध्यावर थोडा वेळ, ऐंशीच्या वर काही मिनिटे, आणि खळखळत्या उकळीत त्याला काम सुरू करण्याइतकीही सवड मिळणार नाही. तेव्हा किती अंश हा प्रश्न किती वेळ या प्रश्नावाचून अपुरा आहे. विकराचा वेग वेगळा आणि त्याची तग वेगळी. पातेल्यात या दोघांची शर्यत लागलेली असते.

मग तुम्ही विचाराल, एवढे भय असेल तर पेज कोमटच का ठेवू नये? तिथेही एक अडचण आहे. कच्च्या पिष्टाचे कण इतके घट्ट असतात की अमायलेजला त्यांच्यात शिरकावच मिळत नाही. पाण्यात साठ-पासष्ट अंशांच्या पुढे ते फुगतात, फुटतात, आणि तेव्हाच आतल्या साखळ्या हाती लागतात. तांदळाला तर बहुधा याहूनही थोडी जास्त ऊब लागते. म्हणजे पासष्टच्या खाली कोठार बंद आणि ऐंशीच्या वर कामगार मेलेले. मधली पंधराएक अंशांची अरुंद गल्ली, तेवढ्यातच पेजेचे काम व्हायचे. बिअरचे कारखाने सातूच्या मोडांची हीच गल्ली तापमापक लावून सांभाळतात. मावशी ती पळीच्या वजनावरून सांभाळत होती.

आणि ती बाजारची बरणी? तिची गोष्ट कोरड्या उष्णतेची आहे. कोरडेपणी विकर बरेच सोशिक असते. गाठी हिसकायला सभोवती पाणी लागते, ते नसते. म्हणून आधी नीट वाळवून, मंद आचेवर शेकलेल्या मोडांतले अमायलेज पुष्कळसे शाबूत राहते. पण ओलसरपणीच भाजले, किंवा बदामी होईपर्यंत खमंग परतले, की संपले. वास मात्र असा सुटतो की घेणाऱ्याला तेच उत्तम वाटावे! सत्त्वाचा दुसरा प्रकारही आपल्याकडे आहे: नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवायचा आणि वरची निवळ ओतून द्यायची. ते दिसायला शुभ्र, पचायला हलके. पण अमायलेज पाण्यात विरघळणारे, तेव्हा त्यातले बरेचसे निवळीबरोबर मोरीत जाते. बरण्यांवर नाव एकच, नाचणी सत्त्व, आणि पातेल्यातले वागणे तीन तऱ्हांचे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटत असेल तर बाळाच्या पोटाकडे पाहा. तान्ह्याच्या जठरात एका वेळी वजनाच्या किलोमागे सुमारे तीस ग्रॅम अन्न मावते. साडेसहा किलोच्या आमच्या बाळाला म्हणजे एक वाटी, दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. साधी पेज पिण्याजोगी ठेवायची तर शंभर भागांत पीठ पाच भागांच्या फारसे वर नेता येत नाही. वाटीत दहा ग्रॅम पीठ, ग्रॅमला साडेतीन उष्मांक धरले तर पस्तीस उष्मांक. तेच अमायलेजने सैल केलेल्या पेजेत पीठ वीस भागांपर्यंत नेले तरी ती ओघळते. वाटी तीच, उष्मांक एकशेचाळीस. बाळ तोंड फिरवत होते ते हट्टाने नव्हे. त्याचे पोट खरोखरच भरत होते, पाण्याने.

आमच्या घरी हा शोध लागला म्हणून कोणी पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत देशिकाचार आणि मल्लेशी यांनी नाचणी, ज्वारी व मूग यांच्या मोडांवर याच दृष्टीने काम केले. स्वीडनच्या संशोधकांसह लिहिलेला त्यांचा निबंध १९८१ सालचा आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले की तांदळाच्या घट्ट खिमटात मोडांचे पीठ अगदी थोडेसे मिसळले तरी ते सैल होते. सगळेच पीठ मोडांचे हवे असे नाही, हे त्यातले मर्म. अडचणीच्या घरातल्या आईलाही दर आठवड्याला मूठभर धान्याला मोड आणणे जमण्यासारखे आहे. असे असता हे ज्ञान डब्यातल्या महागड्या बाळअन्नाच्या जाहिरातींइतके घरोघर का पोहोचले नाही, याचे मला मोठे नवल वाटते.

एकदा ही शर्यत ओळखता आली की स्वयंपाकघरात ती जागोजागी दिसू लागते. कच्च्या अननसाच्या फोडी दुधात घातल्या की दूध कडवट होते, कारण अननसातले विकर दुधातली प्रथिने तोडते. शिऱ्यात अननस आधी शिजवला तर हा उपद्रव नाही. हिवाळ्यातले मटार वर्षभरासाठी बर्फाच्या कप्प्यात टाकताना जाणत्या बायका ते आधी मिनिट-दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढतात. न काढले तर तिथेही महिन्या-दोन महिन्यांत रंग आणि चव बिघडते. थंडीने विकर मरत नाही, फक्त सुस्तावते. मारायला उष्णताच लागते. दुधाच्या डेअरीत तर एका विकराच्या मरणावरच भरवसा ठेवलेला असतो. कच्च्या दुधात फॉस्फेटेज नावाचे विकर असते. बहात्तर अंशांना पंधरा सेकंद तापवले की क्षयाचे जंतू मरतात आणि हे विकर त्यांच्यापेक्षा किंचित चिवट असल्याने त्यांच्या मागोमाग जाते. तापवलेल्या दुधाच्या नमुन्यात ते जिवंत आढळले, तर दूध नीट तापले नाही असे समजायचे. जंतू शोधत बसण्यापेक्षा हे किती सुटसुटीत!

उलट टोकाची गोष्टही सांगायला हवी. १९६६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ऊन झऱ्यांत टॉमस ब्रॉक यांना सत्तर अंशांच्या पाण्यात सुखाने वाढणारा एक सूक्ष्म जंतू सापडला. ज्या पाण्यात आपला हात भाजेल तिथे त्याचा संसार! त्याच्या विकरांचे फेटे इतके घट्ट बांधलेले असतात की त्यांतले एक विकर पंचाण्णव अंशांनाही चाळीसेक मिनिटांनी निम्मे शिल्लक राहते. गुणसूत्रांतल्या मजकुराच्या प्रती काढण्याची जी पद्धत कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये सुचवली, तिच्यात नमुना पुन्हा पुन्हा उकळीजवळ न्यावा लागतो. साधे विकर दर फेरीला मरे आणि दर फेरीला नवे घालावे लागे. झऱ्यातल्या जंतूच्या विकराने ती कटकट संपवली. २०२० साली करोनाच्या दिवसांत नाकात काडी घालून आपण ज्या चाचणीच्या निकालाची धास्तीने वाट पाहत होतो, ती याच जातीच्या विकरावर चालत होती.

असो. पातेल्याकडे परत येते, कारण कोणी हे वाचून उद्याच पेज करायला घेईल. पेज सैल झाली की तिला पुन्हा खळखळून उकळी द्यावीच. मोड येताना ओल्या दाण्यांवर जंतूही माजतात आणि सत्तर अंशांवर विसंबून तान्ह्याला काही देऊ नये. या वेळी अमायलेज मेले तरी चालेल, त्याचे काम झालेले असते. ज्वारीला मोड आणले तर मोड आणि मुळे चोळून काढून टाकावीत. त्यांत विषारी द्रव्य तयार होते. तांदळाचे नेहमीचे खिमट असेल तर ते पुरते शिजवून, खाली उतरवून, खळखळ थांबून थोडे निवले की त्यात चहाचा चमचाभर मोडांचे पीठ ढवळावे, दहा मिनिटे झाकावे आणि मग ती शेवटची उकळी द्यावी. आणि नुसत्या पेजेवर बाळ वाढत नाही. वरण, तूप, मऊ भाजी, अंडे चालत असेल तर अंडे, हे सगळे हवे.

आमच्याकडेही तसेच झाले, तेव्हा सगळे श्रेय पेजेला देणे खोटेपणाचे होईल. डॉक्टरांनी तूप वाढवले, मुगाचे वरण सुरू केले, मावशीने आपली पेज चालू ठेवली. दीड महिन्याने काटा साडेसात किलोजवळ गेला आणि सूनबाई रिक्षात भरभरून बोलली.

मावशी गणपतीसाठी मालवणला परतली. निघताना मी तिला तो तापमापक देऊ केला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, परत माझ्या हातात ठेवला आणि सूनबाईला हाक मारून पळी तिच्या हाती दिली. पेज चढलेली होती. "आता जड लागता?" तिने विचारले. सूनबाई म्हणाली, "हो." "मगे थांब. ढवळीत ऱ्हव." आम्ही तिघी पातेल्याकडे पाहत उभ्या राहिलो. पाळण्यातून एव्हाना आरडाओरडा सुरू झाला होता.